आत्याबाईंचा डावा पाय

३ नोव्हें., सोम.
मॅडमनी वही करायला सांगितलीय. रोज कुणाच्या अंगावर हात ठेवला, हाताला काय लागलं, ते लिहायचं. मराठीत लिहिलं तरी चालेल म्हणाल्या, त्या वाचणार नाहीत. म्हणजे माझ्यापुरतीच.

पिंपरीत भांड्यांच्या दुकानावर एक हॉल आहे. जमिनीवर गाद्या. आम्ही सात जणी. रेखा सोडली तर कुणी ओळखीचं नाही. दोघी एकाच कंपनीच्या बसने चाकणला जायचो, नऊ वर्षं गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधले. दिवाळीला कंत्राट संपलं. रेखानेच हे काढलं: थाई मसाज शिकायचा आणि बायकांच्या सेंटरवर लागायचं.

मॅडम मिझोरमच्या आहेत. रुआती मॅडम. बारीक चणी, हिंदी तोडकं, नजर कडक. तेल नाही, अंगावर कपडे असतात, हे ऐकून जीव भांड्यात पडला. मग एकमेकींचे तळपाय हातात घ्यायला लावले. परक्या बाईचा पाय भलताच जड लागतो. आणि ती डोळे मिटून घेते, आपल्या भरवशावर.

५ नोव्हें., बुध.
"ताकत नहीं, वजन." दिवसभर हेच. रेटायचं नाही. कोपर सरळ ठेवायचं आणि समोरचीच्या श्वासाबरोबर अंगाचा भार सोडायचा. मला तो सोडताच येत नाही. मी अंग चोरते.
"किससे डरती हो?"
"उनको लगेगा, मॅडम."
"आधा दबाएगी तो ज्यादा लगेगा."
ते काही कळलं नाही. येताना बसमध्ये दांडा पकडला तोसुद्धा हळू.

८ नोव्हें., शनि.
यांनी गावी फोनवर कोर्सचं नाव बदललं. "दवाखान्यातला कोर्स करतीय ती," म्हणाले. मी भाजी चिरत होते, मान वर केली नाही. यांची हरकत नाही. एकदाच विचारलं होतं, "फक्त बायकाच ना?" पण 'मसाज' हा शब्द बाहेर काढायचा नाही. बिल्डिंगमध्ये नाही आणि गावात तर नाहीच नाही.

शेजारच्या वहिनींनी जिन्यात गाठलं. रोज कुठं जाता? नर्सिंगचं आहे काहीतरी, म्हणून सटकले. वरती येऊन दाराला कडी लावली. चोरी केल्यासारखी.

गौरीवर सराव केला. नववीत आहे, अजून लोळत हसते. "आई, हा मसाज आहे का गुदगुल्या?" मोठ्यांदा बोलली. मी तिच्या तोंडावर हातच ठेवला.

१२ नोव्हें., बुध.
आज पहिलं परकं माणूस. बँकेतल्या एक बाई, मॅडमच्या ओळखीच्या. आधी फॉर्म, आम्हीच विचारून भरायचा. बीपी? शुगर? ऑपरेशन? इतक्यात हाड मोडलं होतं का? पायाला सूज, तीही एकाच पायाला? रक्त पातळ करायची गोळी? एकालाही हो आलं तर हात लावायचा नाही, मॅडमना बोलवायचं. हे सगळं वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलंय.

बाईंच्या पाठीवर तळवे टेकवून भार सोडला तर मणक्यातून कट्ट आवाज. मी हात काढून घेतले. वाटलं, मोडलं काहीतरी. बाई म्हणाल्या, "अगं थांबतेस काय, तेच तर पाहिजे होतं." नंतर त्यांना झोप लागली. मी त्यांचं पोट वरखाली होतंय ना, ते बघत बसले. रेखा पदराआड हसत होती.

मॅडम: "आज वजन आया."

१६ नोव्हें., रवि.
अशोकभाऊजींचा फोन. माझे धाकटे दीर, गावी शेती बघतात, आत्याबाई त्यांच्याकडेच असतात. आत्याबाईंचं प्लास्टर निघालं काल. नवरात्रात ओट्यावरून पडल्या होत्या, डावा घोटा. आता त्यांना इकडे चार दिवस यायचंय.

लग्नाला सोळा वर्षं झाली, तरी सासू येणार म्हटलं की आधी घर आवरायला लागते. डबे घासून ठेवले. वही गाद्यांखाली सरकवली.

१८ नोव्हें., मंगळ.
आत्याबाई आल्या. दहा तास बसमध्ये. हे फर्स्ट शिफ्ट करून तसेच स्टँडवर गेले. तीन जिने चढायला अर्धा तास लागला. मधल्या जिन्यात त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तुमचं घर लई वर हाय बाई."

डावी पोटरी उजवीपेक्षा बरीच जाड दिसते. "गाडीत लोंबकळून आलाय गं पाय." प्लास्टरचं असेल. उशी दिली पायाखाली.

१९ नोव्हें., बुध.
क्लास बुडवला. दुपारी घरात दोघीच. आत्याबाई म्हणाल्या, "दवाखान्यातलं शिकायलीस म्हणं तू. बघ की मग माझा पाय. लई ठणकायलाय."

सोळा वर्षांत माझ्या भाकरीलासुद्धा त्यांनी बरी म्हटलं नाही. गादी टाकली. तळपायापासून सुरू केलं, मॅडम दाखवतात तसं. घोटा सोडून दिला, मोडला होता म्हणून. पोटरीला तळवे, मग अंगठे. पोटरी गरम लागत होती. गोधडीतनं काढलेली, म्हणून असेल.

"हात चांगला हाय गं तुझा," म्हणाल्या आणि तिथंच झोपल्या.

आज अजिबात भीती वाटली नाही. नवलच. घरचं माणूस, म्हणून असेल.

२० नोव्हें., गुरु.
पुन्हा दाबायला सांगितलं. पोटरीत आत एक दोरीसारखं लागत होतं. ते मोकळं करायचं म्हणून अंगठ्याने खोल गेले, पूर्ण भार देऊन. "आई गं" म्हणाल्या. मी थांबले, तर म्हणाल्या, "दाब, दाब. थांबू नको." वीसेक मिनिटं तरी.

संध्याकाळी संडासापर्यंत एकट्या चालत गेल्या. मला केवढं बरं वाटलं.

२१ नोव्हें., शुक्र.
सकाळी दूध घेऊन वर आले तर आत्याबाई भिंतीला टेकलेल्या. ओठ निळे. श्वास पुरत नव्हता. "छातीत सुरी घातल्यावानी हुतंय." यांना फोन लागेना, कंपनीत लाइनवर असले की फोन लॉकरमध्ये असतो. शेजारच्या वहिनींनी आणि मी खुर्चीत बसवून खाली आणलं. रिक्षा. पिंपरीचा दवाखाना. आत नेलं. मला बाहेर थांबायला सांगितलं.

दुपारपर्यंत बाहेरच होते.

संध्याकाळी स्कॅन झाला. फुप्फुसात रक्ताची गाठ आहे. पायाच्या शिरेत होती, तिथून सुटून वर गेली.

पायातून.

नळाखाली तीनदा हात धुतले. का धुतले, माहीत नाही.

२२ नोव्हें., शनि.
आयसीयू. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, चष्मा, बोलणं भराभर. आम्हा दोघांना आत घेतलं. प्लास्टर किती दिवस होतं? प्रवास किती तासांचा? हे सांगत होते. मग त्यांनी विचारलं, "पाय कुणी चोळला, दाबला? मालिश वगैरे?"

हे "नाही, कोण दा..." म्हणेपर्यंत आत्याबाईंनीच तोंडावरचा मास्क बाजूला केला. "न्हाई. कुनीबी न्हाई." आणि मास्क परत लावला. माझ्याकडे बघितलं नाही.

मीही काही बोलले नाही. उभी होते. ऐकत होते. बोलले नाही.

२३ नोव्हें., रवि.
गाद्यांखालून वही काढली. मागचं पान. माझंच अक्षर, गोल-गोल, खाली रेघ मारलेली. 'इतक्यात हाड मोडलं होतं का? सूज, तीही एकाच पायाला?' बँकेच्या बाईंना विचारलं. सासूला नाही. हाताला गरम लागलं होतं, तेही वहीत लिहून ठेवलंय. लिहिलं आणि पान उलटलं.

पान फाडावंसं वाटलं. नाही फाडलं.

दुपारी दवाखान्याच्या जिन्यात हे अशोकभाऊजींना फोनवर ओरडत होते. "प्लास्टर काढून तिसऱ्या दिवशी दहा तास बसवून पाठवतोस? अक्कल गहाण ठेवलीस का? मेली असती म्हणजे?" पलीकडे भाऊजी रडत होते. मला दोन पायऱ्या खाली ऐकू येत होतं. यांनी फोन कापला. म्हणाले, "माझा भाऊ मेला आजपासून."

माझ्या हातात चहाचा कप होता. तो यांना दिला.

२४ नोव्हें., सोम.
सकाळी डॉक्टरीणबाई राउंड संपवून लिफ्टकडे निघाल्या तेव्हा मागे धावले. हे खाली औषधं आणायला गेले होते. म्हटलं, मॅडम, मी दाबला पाय. दोन दिवस. अंगठ्याने. मी थाई मसाज शिकते.

त्या थांबल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
"परवा का नाही सांगितलंत?"
"भीती वाटली."
"किती जोरात?"
"पूर्ण भार देऊन."
त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी विचारलं, माझ्यामुळे झालं का? म्हणाल्या, "प्लास्टर, वय, एवढा प्रवास. गाठ आधीच होती. अशी गाठ आपली आपणही सुटते. दाबल्यानेही सुटते. नेमकं कशाने ते कुणीच सांगू शकणार नाही तुम्हाला."
"पण..."
"पुन्हा हात लावू नका त्या पायाला." लिफ्ट आली.

कुणीच सांगू शकणार नाही. दिवसभर हेच. हो म्हणाल्या असत्या तर रडले असते. नाही म्हणाल्या असत्या तर जेवले असते.

२६ नोव्हें., बुध.
वॉर्डात हलवलं. रोज पोटात इंजेक्शन, पोट निळं पडलंय. दुपारी आम्ही दोघीच. मी त्यांचे केस विंचरत होते.

"आत्याबाई, खोटं का बोललात?"
"काय खोटं?"
"पाय."
म्हणाल्या, "दाबून कुनी मागितला? मी. मग तुझं नाव कशाला घिऊ? माझ्या दत्तानं एका दिवसात बंद केलं आसतं तुझं शिकणं. मला नव्हतं का शिकायचं? शिवण शिकाया जायची मी. सुई बोटात घुसून पू झाला तर सासऱ्यानं मशीनच इकली."

सोळा वर्षांत हे पहिल्यांदा ऐकलं.

म्हटलं, पण हे तर सगळा दोष भाऊजींवर ढकलतायत. त्यांनी डोळे मिटले. "भाऊ-भाऊ हायत. हुईल नीट." मग माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला, अर्धे विंचरलेले केस तसेच. "माझी शपथ हाय. दत्ताला सांगायचं न्हाई."

हात काढून घेता आला नाही.

२९ नोव्हें., शनि.
क्लासला गेले, फक्त सांगायला. सगळ्या गेल्यावर मॅडमना सांगितलं. हिंदीत सांगताना शब्दच सापडेनात. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.
"फॉर्म क्यों नहीं भरा?"
"घर की थी, मॅडम."
"घर का आदमी का नस अलग होता है?"

वाटलं, आता हाकलतील. हाकललं नाही. जवळ घेतलं, असंही नाही. गाद्यांवरच्या चादरी काढल्या. मीही दुसऱ्या टोकाला धरून घडी घातली. आठही चादरींच्या घड्या झाल्या. दारात म्हणाल्या, आना है तो शनिवार को आना. सास घर आने के बाद.

२ डिसें., मंगळ.
आत्याबाई घरी. रक्त पातळ करायच्या गोळ्या, निदान तीन महिने. कुठं कापता कामा नये, पडता कामा नये. संडासाशी जुनी सतरंजी टाकली होती ती काढली, पाय अडकायला नको. रात्री दोनदा उठून श्वास ऐकते. गौरीने पाहिलं. "आई, तू आजीच्या नाकापाशी का बसतेस?"

भाऊजी रोज फोन करतात. हे उचलत नाहीत. मग माझ्या फोनवर येतो. "वहिनी, आईला बोलायला द्या नं." मी देते. आत्याबाई बोलतात, फोन परत देतात. मग ते मला म्हणतात, "माझंच चुकलं वहिनी. मी एक दिवस थांबाया पाहिजे हुतं. मला झोप न्हाई." आज तिसऱ्यांदा म्हणाले. मी "हं" म्हटलं.

'हं' म्हटलं मी.

६ डिसें., शनि.
क्लासला गेले. एक नवीन मुलगी आली होती, आयटीतली, पाठ धरलेली. फॉर्म दोनदा भरला. दोन्ही पोटऱ्या बघितल्या, शेजारी शेजारी धरून. दोन्ही हातांनी गरम-गार बघितलं. ती म्हणाली, "ताई, किती वेळ बघताय?" तळपायावर तळवे ठेवले, पण भार सोडवेना. तिलाही कळलं असणार. उठावंसं वाटलं. मॅडम समोरच्या गादीवर होत्या, माझ्याकडे पाहिलंही नाही.

तळपाय झाले. पोटरीपाशी थांबले. पुढे गेले नाही. नुसता हात ठेवून बसले.

मॅडम नंतर एवढंच म्हणाल्या, "इतना डर रखना. इससे ज्यादा नहीं."

एवढं म्हणजे किती, ते कसं मोजायचं?

९ डिसें., मंगळ.
यांनी जेवताना जाहीर केलं: आई आता गावी जाणार नाही. अशोकच्या दारात पाय ठेवायचा नाही, त्याने इकडे यायचं नाही. जमीन वेगळी करून टाकू. आत्याबाईंचा घास हातातच. "आरं, त्यानं मुद्दाम क्येलं का?" "मुद्दाम नाही. निष्काळजीपणाने. माणूस त्यानेच मरतं."

मी वाढत होते. पळी पातेल्यावर आपटली.

नंतर आत्याबाईंना स्वयंपाकघरात म्हटलं, मला सांगू द्या. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "त्यो भावाला सोडायलाय, तुला सोडाया किती वेळ लागंल?" म्हणजे त्यांनाही भीतीच आहे. माझी. मला वाटायचं या बाईला कशाचीच भीती नाही.

११ डिसें., गुरु.
भाऊजींच्या बायकोचा फोन. ते धड जेवत नाहीत, रानात जाऊन बसतात. "ताई, तुम्ही तरी समजवा दादांना." फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

यांना सांगितलं तर काय होईल, ते सगळं मनात बघून झालंय. ओरडतील. कोर्स बंद. गावभर होईल, सुनेने मसाज करून सासूला मरणाच्या दारात नेलं. माहेरी कळेल. गौरीच्या शाळेत कळेल. किंवा काहीच बोलणार नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटते. यांना गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नाही.

१२ डिसें., शुक्र. सकाळ.
घाईत लिहितेय.

सातला माझा फोन वाजला. अशोकभाऊजी. "वहिनी, मी खाली हाय." खिडकीतून पाहिलं. कोपऱ्यावरच्या टपरीपाशी उभे, खांद्याला पिशवी. काल संध्याकाळी बसले होते गाडीत. वर येऊ का, असंही विचारलं नाही. म्हणाले, "आईला खिडकीत आणता का? लांबून बघतो आन् जातो."

आत्याबाईंना धरून खिडकीशी नेलं. त्यांनी हात वर केला. खालून भाऊजींनी दोन्ही हात जोडले. स्वतःच्या आईला हात जोडतात तसे नाही. देवळाबाहेर उभं राहून जोडतात तसे.

तेवढ्यात हे थर्ड शिफ्ट करून आले. त्याच टपरीवरून आले असणार, पाहिलंच असणार. बूट काढले, काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "त्याला सांग जायला." आणि अंघोळीला गेले.

मी आत्याबाईंना पलंगावर बसवलं, पाय उशीवर घेतला. समोर खाली बसले. म्हटलं, "आत्याबाई, सुटली म्हणा."
"काय?"
"शपथ. सुटली म्हणा. नाहीतर तुमच्या जिवाची भीती बाळगत सांगावं लागेल. पण सांगणार आहे मी."

त्या बघत राहिल्या. सुटली म्हणाल्या नाहीत. त्यांचा हात मात्र माझ्या डाव्या मनगटावर आहे, घट्ट. म्हणून वही गुडघ्यावर टेकवून नुसत्या उजव्या हाताने लिहितेय. अडवतायत का धीर देतायत, कळत नाही. विचारायचा धीर नाही.

भाऊजी गेलेले नाहीत. टपरीवाल्याने त्यांना स्टूल दिलंय, ते बसत नाहीत.

आत तांब्या ठेवल्याचा आवाज आला. पाणी थांबलं.